नखाएवढी नाणी : रोमन साम्राज्याचा खुर्दा

रोमन नाणं म्हटलं की पहिल्यांदा सोनं आठवतं. पण चौथ्या शतकाच्या अखेरीस आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिओकच्या किंवा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बाजारात भाजी घ्यायला आलेल्या बाईच्या पिशवीत सोनं नसायचं. तिच्याकडे असायची काशाची बारकी नाणी. रुंदी जेमतेम १३ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडी जास्त, आणि वजन एक ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला सम्राटाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला कैद्याला फरफटत नेणारी विजयदेवता आणि भोवती लॅटिन शब्द, 'सालुस रेईपुब्लिकाए', म्हणजे राज्याचं क्षेमकुशल. एवढ्याशा तुकड्यावर एवढं सगळं उमटवायचं, त्यामुळे अर्धी अक्षरं कडेच्या बाहेरच राहिलेली असतात.

सोन्याच्या नाण्यांवरून सैन्याचा आणि दरबाराचा हिशेब कळतो. पाव, तेल, कांदे, हजामत, हमाली यांचा हिशेब काशात होत असे. म्हणून रोमन राज्य आपल्या सामान्य प्रजेशी कसं वागलं हे जाणून घ्यायचं असेल तर या खुर्द्याइतका प्रामाणिक साक्षीदार मला दुसरा दिसत नाही. हे नाणं इतकं लहान का होत गेलं, त्याचा भाव कोण ठरवत होतं आणि ते तमिळनाडूतल्या नदीच्या वाळूत कसं पोचलं, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

आधी नाणं जड होतं

सुरुवात अगदी उलट टोकाला होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात रोमचं 'अस' हे नाणं म्हणजे काशाची ओतीव चकती असे. तिचं वजन जवळजवळ एक रोमन पौंड, सुमारे सव्वातीनशे ग्रॅम. जेवढा धातू तेवढी किंमत, असा सरळ मामला. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी झालेल्या दीर्घ युद्धात खर्च हाताबाहेर गेला, तेव्हा अस झपाट्याने हलका झाला. तिथपासून काशाच्या नाण्याची किंमत धातूवर कमी आणि राज्याच्या शब्दावर जास्त टिकून राहिली.

इ.स.पू. २३ च्या सुमारास सम्राट ऑगस्टसने या व्यवस्थेची घडी बसवली. सोन्याच्या एका ऑरियसचे २५ चांदीचे दिनार, एका दिनाराचे ४ सेस्टर्स, एका सेस्टर्सचे ४ अस आणि एका असचे ४ क्वाड्रन्स. सेस्टर्स पितळेचं, अस आणि क्वाड्रन्स तांब्याचे. क्वाड्रन्स हे सगळ्यांत धाकटं नाणं, सुमारे तीन ग्रॅमचं. सार्वजनिक स्नानगृहात तेवढ्यात प्रवेश मिळे, असं त्या काळच्या कवींच्या लिखाणातून कळतं. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत दारूच्या एका दुकानाच्या भिंतीवर भाव लिहिलेले सापडले. एका असला इथे प्यायला मिळेल, दोन दिलेत तर त्याहून चांगली मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन ही नामांकित दारू मिळेल. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन बारकी नाणी टाकते, तिथेही मार्क वाचकांना लगेच हिशेब सांगतो की ती दोन मिळून एक क्वाड्रन्स होतो.

ही घडी दोनशेहून अधिक वर्षं टिकली. असमध्ये असलेल्या तांब्याची बाजारातली किंमत असपेक्षा कमी होती आणि ते लोकांना माहीत होतं. तरी कुणी कुरकुर केली नाही, कारण सोळा अस दिले की एक दिनार मिळणार, ही खात्री होती. खुर्द्याच्या नाण्याचं सगळं बळ या खात्रीत असतं. ते वरच्या नाण्याशी ठरलेल्या दराने बांधलेलं असेल तर त्यात धातू किती आहे याला फारसं महत्त्व राहत नाही. ही गाठ सुटली की मात्र नाणं आपल्या वजनावर येतं.

तिसऱ्या शतकात गाठ सुटली. सैन्याचा पगार वाढत गेला, सरहद्दींवर युद्धं पेटली, वर्ष-दोन वर्षांत सम्राट बदलू लागले आणि खाणींतून येणारी चांदी पुरेनाशी झाली. इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकल्लाने एक नवं चांदीचं नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असे. त्याची किंमत दोन दिनार होती असं सर्वसाधारणपणे मानतात, पण त्यात चांदी दीड दिनाराएवढीच होती. पुढच्या प्रत्येक संकटात तीही थोडी थोडी काढून घेतली गेली. इ.स. २७० च्या आसपास याच नाण्यात दोन-तीन टक्केच चांदी उरली. चांदीचं नाणं काशाचं झालं, आणि जुनी मोठी पितळी सेस्टर्स पाडणं परवडेनासं झालं, कारण त्यांत लागणारा धातूच जास्त किमतीचा होता.

दहा ग्रॅमवरून एक ग्रॅमवर

इ.स. २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने पुन्हा नव्याने मांडणी केली. त्याने काढलेलं काशाचं नाणं भारदस्त होतं. वजन सुमारे दहा ग्रॅम, धातूत चार टक्क्यांच्या आसपास चांदी आणि वरून चांदीचा पातळ मुलामा. अभ्यासक त्याला 'नुम्मस' म्हणतात. याच नुम्मसची घसरण म्हणजे पुढच्या दोनशे वर्षांच्या खुर्द्याचा इतिहास.

लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. इ.स. ३०१ मध्ये नाण्यांचं दर्शनी मूल्य दुप्पट करणारा हुकूम निघाला. त्याचा शिलालेख आजच्या तुर्कस्तानातल्या ॲफ्रोडिसियस या गावी सापडला आहे. त्याच वर्षी डायोक्लेशियनने हजाराहून अधिक वस्तू आणि मजुऱ्यांचे कमाल दर ठरवून दिले आणि जास्त घेणाऱ्याला मृत्युदंड सांगितला. लॅक्टॅन्शियस हा त्या काळचा लेखक सांगतो की लोकांनी भीतीपोटी माल बाजारात आणणंच बंद केलं. तो डायोक्लेशियनचा कट्टर विरोधक होता, तेव्हा त्याच्या शब्दांतला राग वजा करून वाचायला हवं. पण दर टिकले नाहीत, हे खरं.

मग नाणं आकसू लागलं. इ.स. ३०७ पासून वजनात एकामागून एक कपात झाली. ३१३ च्या सुमारास नुम्मस मूळच्या निम्म्याहूनही हलका झाला होता आणि ३३० मध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास आला. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ३३० पासून काढलेल्या एका नाण्यावर 'ग्लोरिया एक्झेर्कितुस', म्हणजे सैन्याचं वैभव, असे शब्द आहेत आणि दोन सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज उभे आहेत. ३३५ च्या सुमारास वजन आणखी उतरवून दीड-पावणेदोन ग्रॅमवर आणलं, तेव्हा चकतीवर जागा उरली नाही. शब्द तेच ठेवले, सैनिक तेच ठेवले, एक ध्वज काढून टाकला. आज दोन नाणी शेजारी ठेवून नुसते ध्वज मोजले तरी कपातीच्या आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे सांगता येतं. घोषणा जशीच्या तशी ठेवून आतला माल कमी करण्याचा इतका स्पष्ट पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो.

३४८ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलांनी नवी सुरुवात केली. नाणी पुन्हा मोठी केली, त्यांत थोडी चांदी परत घातली आणि त्यांवर 'फेल टेम्प रेपारातियो' असे शब्द कोरले. अर्थ असा की सुखाचे दिवस परत आले. रोमच्या स्थापनेचं ते अकराशेवं वर्ष मानलं जाई, त्यामुळे या घोषणेला निमित्तही होतं. यांतल्या सर्वांत परिचित नाण्यावर रोमन सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकतो आहे. एका छोट्या नाण्यावर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. ३४९ च्या सुमाराचा एक कायदा थिओडोसियसच्या संहितेत, म्हणजे रोमन कायद्यांच्या एका संग्रहात, जपला गेला आहे. धातू गाळणारे कारागीर मोठी काशाची नाणी वितळवून त्यांतली चांदी वेगळी काढत आहेत, असं कळल्यामुळे तो काढला गेला. शिक्षा मृत्यूची. या कायद्यावरून दोन गोष्टी कळतात. नाण्यात चांदी खरोखर होती, आणि नाणं म्हणून खर्च करण्यापेक्षा ते वितळवणं लोकांना फायद्याचं वाटत होतं. राज्याने उपाय केला तो सोपा. चांदी काढून घेतली. दहा वर्षांच्या आत भालाईत आणि कोसळणारा घोडेस्वार दोन ग्रॅमच्या चकतीवर दाटीवाटीने बसले होते. पुढे सम्राट ज्युलियनने बैलाचं चित्र असलेलं मोठं नाणं काढलं, पण ३६३ मध्ये तो पर्शियाच्या मोहिमेत मारला गेला आणि ते नाणंही मागे पडलं. ३९५ च्या एका हुकमाने साम्राज्याच्या पश्चिम भागात मोठं काशाचं नाणं चलनातून काढून घेण्यात आलं. उरला तो ग्रॅमभराचा खुर्दा, ज्याचं वर्णन सुरुवातीला केलं.

पाचव्या शतकात तो आणखी बारीक झाला, नऊ-दहा मिलिमीटरपर्यंत. सम्राटाचं नाव बसेना, म्हणून नावातली अक्षरं एकमेकांत गुंफून एकच चिन्ह करण्याची रीत आली. पहिल्या लिओच्या काही नाण्यांवर तर नुसता सिंह आहे. लिओ म्हणजे सिंह, तेव्हा चित्रानेच नावाचं काम केलं.

सोनं एका हातात, कासं दुसऱ्या हातात

राज्य इतकं दरिद्री झालं होतं का? नव्हतं. हाच या विषयाचा गाभा आहे आणि इथे थोडं थांबायला हवं.

कॉन्स्टंटाइनने इ.स. ३१० च्या सुमारास 'सॉलिडस' हे सोन्याचं नाणं सुरू केलं. एका रोमन पौंडाचे ७२, म्हणजे प्रत्येकी साधारण साडेचार ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. त्याचा कस पुढे अकराव्या शतकापर्यंत, सातशे वर्षं, टिकवला गेला. ज्या राज्याने सोन्याच्या बाबतीत इतकी शिस्त पाळली त्यानेच काशाच्या बाबतीत इतका ढिसाळपणा का केला?

कारण राज्याला सोनं हवं होतं आणि कासं हे ते मिळवण्याचं एक साधन होतं. सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना सोन्यात द्यायचं, महत्त्वाचे कर सोन्यात घ्यायचे. सॉलिडसचे इतके नुम्मस, असा कायमचा दर मात्र राज्याने बांधून दिला नाही. दर बाजारावर सोडला. सैनिकाला पाव विकत घ्यायचा तर त्याला सॉलिडस सराफाकडे मोडावा लागे. कुंभाराला कर भरायचा तर वर्षभर साठवलेली काशाची नाणी देऊन सॉलिडस विकत घ्यावा लागे. राज्याला सोन्याची निकड पडली की टांकसाळीत आणखी कासं पाडायचं आणि बाजारातून सोनं उचलायचं. प्रत्येक वेळी सोनं चढणार आणि कासं उतरणार. ज्याची सगळी मिळकत काशात, त्याचं नुकसान ठरलेलं.

इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकलेल्या पपायरसवर हे आकड्यांत दिसतं. तिथे हिशेब जुन्या दिनारांत लिहीत राहिले, जरी चांदीचा दिनार केव्हाच नाहीसा झाला होता. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात एका सॉलिडसची किंमत कोट्यवधी दिनार लिहिलेली आढळते.

पश्चिमेकडचा आकडा सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या ४४५ च्या कायद्यात मिळतो. सराफाकडून ७,२०० नुम्मसना घेतलेला सॉलिडस परत विकताना ७,००० हून कमी मिळता कामा नये, असं त्यात बजावलं आहे. म्हणजे सराफाचा बट्टा राज्याने दोनशे नुम्मसवर बांधून द्यायचा प्रयत्न केला. एक नुम्मस ग्रॅमभराचा धरला तर साडेचार ग्रॅम सोन्यासाठी सात किलोंहून जास्त कासं मोजावं लागे. एवढी नाणी एकेक करून कोण मोजणार? मोठ्या व्यवहारांत ती मोहरबंद पिशव्यांतून फिरत.

या व्यवस्थेचा सगळ्यांत जाचक चटका कारागिरांना आणि छोट्या दुकानदारांना बसला. कॉन्स्टंटाइनच्या काळापासून व्यापार-उदीम करणाऱ्या प्रत्येकावर एक कर होता. तो दर चार-पाच वर्षांनी सोन्या-चांदीत एकदम वसूल केला जाई. ग्रीक भाषेत त्याला 'क्रिसार्गिरॉन' म्हणत. त्यात चांभार आले, भाजीवाले आले, वेश्याही आल्या. हे सगळे लोक काशात कमावत. वसुलीचं वर्ष आलं की सगळे एकाच वेळी सोनं शोधायला निघत आणि नेमका तेव्हाच सोन्याचा भाव वर जाई. झोसिमस हा इतिहासकार लिहितो की या करासाठी आयांनी मुलं विकली. तोही कॉन्स्टंटाइनवर खार खाऊन होता, पण लिबानियससारख्या अँटिओकच्या वक्त्यानेही याच कराबद्दल कळवळून लिहिलं आहे.

इ.स. ३७० च्या आसपास एका अनामिक लेखकाने सम्राटाला एक निवेदन पाठवलं. त्यात तो म्हणतो की कॉन्स्टंटाइनच्या काळात काशाऐवजी सोन्याचा सुळसुळाट झाला, बलवानांची घरं सोन्याने भरली आणि गरीब चिरडले गेले. टांकसाळींतल्या लबाडीवर त्याने एक तोडगाही सुचवला होता. नाणी पाडणाऱ्या सगळ्या कामगारांना एका बेटावर नेऊन ठेवा, म्हणजे बाहेरच्यांशी त्यांचा संबंधच उरणार नाही. त्याचं नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही. पण महागाई आणि विषमता यांचा नाण्यांशी असलेला संबंध इतक्या लवकर, इतक्या थेट शब्दांत मांडणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल मोठा आदर वाटतो.

नाणं वाचायचं कसं

सम्राटाच्या चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नये. चौथ्या शतकाच्या मध्यानंतर सगळे चेहरे एकाच साच्यातले वाटतात. मोत्यांचा किंवा फुलांचा पट्टा बांधलेलं डोकं, उजवीकडे पाहणारं. नावाआधी बहुधा 'डी' आणि 'एन' ही अक्षरं असतात, म्हणजे 'आमचे स्वामी'. नावानंतर 'पी' आणि 'एफ', म्हणजे धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. त्यापुढे 'ऑगस्टस' या पदवीची पहिली तीन अक्षरं. नाव झिजून गेलं असेल तर मागच्या बाजूचं चित्र काळ सांगतं.

खरा खजिना मागच्या बाजूला तळाशी, रेघेच्या खाली असतो. तिथे टांकसाळीची खूण आहे. 'एस' आणि 'एम' म्हणजे 'साक्रा मोनेता', सम्राटाची टांकसाळ. पुढे शहराच्या नावातली दोन-तीन अक्षरं: अँटिओक, निकोमीडिया, किझिकस, अलेक्झांड्रिया. शेवटी त्या टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक. पूर्वेकडे तो ग्रीक अक्षरांत असतो, अल्फा, बीटा, गामा, डेल्टा. पश्चिमेकडच्या ट्रिअर किंवा रोमच्या नाण्यांवर बरेचदा पहिला, दुसरा, तिसरा या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. वजनात किंवा धातूत कुणी हात मारला तर कुठल्या शहरातल्या कुठल्या कारखान्याला धरायचं, हे एका नजरेत कळावं म्हणून ही सोय. दीड ग्रॅमच्या तुकड्यावरही ती सोडलेली नाही. या राज्याचं दप्तर किती काटेकोर होतं हे मला कुठल्याही भव्य कमानीपेक्षा या तीन-चार अक्षरांत जास्त जाणवतं.

नाणी पाडली जात ती हाताने. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर काशाची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. काशात कथील आणि पुढेपुढे भरपूर शिसं मिसळत. शिसं स्वस्त आणि मऊ, पण त्याने नाणं लवकर झिजतं. ठसे चकतीपेक्षा मोठे असत, म्हणूनच कडेची अक्षरं कापली जात.

जुनं नाणं हाती लागलं की पितळेच्या तांब्यासारखं चिंचेने घासून लख्ख करायचा मोह होतो. तो आवरावा. हिरवट-काळा थर म्हणजे धातूचंच बदललेलं रूप असतं आणि बारीक अक्षरं त्याच थरात टिकलेली असतात. आंबटाने थर गेला की अक्षरंही जातात. आणि नाणं जमिनीत सापडलेलं असेल तर भारतात १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जे काही पुरलेलं सापडेल त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

हरवलेली, पुरलेली, नकली

पुरातत्त्वज्ञ या नाण्यांवर जीव टाकतात त्याचं कारण त्यांची किंमत नव्हे. सोन्याचं नाणं पडलं तर माणूस दिवा घेऊन शोधतो. नुम्मस पडला तर कोण वाकणार? म्हणून तो पडला तिथेच राहिला आणि आज त्या जागेवर माणसांचा वावर कधी होता हे सांगतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड रीस या अभ्यासकाने रोमन नाण्यांचे २१ कालखंड पाडले आणि वेगवेगळ्या स्थळांवर कुठल्या कालखंडातली नाणी किती पडली याची तुलना केली. शहरं आणि खेडी यांचे आलेख वेगळे निघाले. चौथ्या शतकात खेड्यांत नाणी भरपूर आहेत. पैसा शहराबाहेर पोचला होता.

काशाचे साठेही सापडतात. २०१० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रोम गावाजवळ एका मातीच्या रांजणात ५२,५०३ नाणी निघाली, बहुतेक तिसऱ्या शतकातली, एकूण वजन सुमारे १६० किलो. रांजण पातळ होता, भरलेला उचलला असता तर फुटलाच असता. म्हणजे आधी तो जमिनीत बसवून मग त्यात नाणी ओतली. सर्वांत उशिराची नाणी बरीचशी खालच्या भागात होती, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टाकलेली बचत नव्हे, सगळी एकदम ओतलेली, असा निष्कर्ष निघाला. काही अभ्यासकांना हे देवाला वाहिलेलं वाटतं. २०१३ मध्ये डेव्हनमधल्या सीटन डाऊन इथे २२,८८८ नाणी सापडली, ती बहुतांश कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातले नुम्मस.

राज्याकडून खुर्दा वेळेवर आला नाही की लोकांनी तो स्वतः पाडला. गॉल (मुख्यतः आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि पुन्हा चौथ्याच्या मध्यात अशा स्थानिक नकलांचं पीक आलं. काही इतक्या लहान की त्यांवर घोडेस्वाराचा एखादा पाय नि भाल्याची रेघ एवढंच उमटलं आहे. त्यांना सरसकट खोटी नाणी म्हणणं मला पटत नाही. फसवायचं असतं तर ती मूळ नाण्याच्या मापाची केली असती. बाजारात सुटे नसले की दुकान चालत नाही, म्हणून गावाने काढलेली ती सोय होती. ब्रिटनमध्ये इ.स. ४०२ नंतर नव्या नाण्यांचा पुरवठा जवळजवळ थांबला. काही दशकांत तिथला पैशांवर चालणारा बाजारच मोडला.

करूरची वाळू आणि सिंहली नकला

भारतात आलेलं रोमन नाणं म्हणजे पहिल्या शतकातलं सोनं आणि चांदी, असा आपला समज आहे, आणि तो त्या काळापुरता बरोबर आहे. भारताबरोबरच्या व्यापारात दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स जातात, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. पण तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईच्या परिसरात चौथ्या-पाचव्या शतकांतली काशाची नाणीही मोठ्या संख्येने मिळाली आहेत. 'दिनमलर' या तमिळ दैनिकाचे संपादक आणि नाणेतज्ज्ञ आर. कृष्णमूर्ती यांनी ती जमवून, वाचून १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. दोन सैनिक, कोसळणारा घोडेस्वार, कैद्याला ओढणारी विजयदेवता, सगळे तिथे आहेत. बहुतेक इतके झिजलेले की तिरप्या उजेडात धरल्याशिवाय चित्र दिसत नाही.

श्रीलंकेत तर ती हजारोंनी सापडतात. तिथे आणखी एक गोष्ट घडली. स्थानिक कारागिरांनी त्याच नाण्यांच्या नकला पाडल्या, ज्यांत लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आहेत. ज्या वस्तूची नक्कल होते ती वापरात असते. रोमन खुर्दा तिथल्या बाजारातला खुर्दा झाला होता, असं मानायला हा भक्कम आधार आहे.

ती आली कशी यावर मतभेद आहेत. कुणी म्हणतं व्यापाऱ्यांच्या खिशातून थोडी थोडी आली. मला दुसरं मत जास्त पटतं. पाचव्या शतकात रोमन बाजारात ही नाणी इतकी उतरली होती की व्यापाऱ्यांनी ती पोत्यांनी उचलून माल म्हणून जहाजात घातली, आणि जिथे तांब्याला मागणी आणि सुट्यांची टंचाई होती तिथे उतरवली. नाण्यांची झीज आणि वेगवेगळ्या दशकांची सरमिसळ याच्याशी हे जुळतं.

मग कोकणच्या आणि दख्खनच्या बाजूला असा खुर्दा का पसरला नाही? पहिल्या-दुसऱ्या शतकांत इथे रोमन व्यापार जोरात होता. कल्याण, पैठण, तेर ही नावं त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. पण सातवाहनांची स्वतःची शिशाची आणि मिश्रधातूची बारकी नाणी होती. इथल्या बाजाराला परका खुर्दा लागत नव्हता. रोमन जहाजांतून तांबं, कथील, शिसं यायचं ते धातू म्हणून. सहाव्या शतकातला कॉस्मस हा व्यापारी-संन्यासी कल्लियाना बंदराचा उल्लेख करतो, तेच आपलं कल्याण, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्याच लिखाणात एक रोमन व्यापारी श्रीलंकेच्या राजासमोर आपल्या सम्राटाचं सोन्याचं नाणं आणि पर्शियाचं चांदीचं नाणं शेजारी ठेवून आपला राजा मोठा असल्याचं सिद्ध करतो. काशाच्या नाण्यांचा तिथे शब्दही नाही.

४९८ : गाठ पुन्हा बांधली

शेवटी पूर्वेकडच्या एका सम्राटाला हा प्रश्न सोडवावासा वाटला. अनास्टासियस हा गादीवर येण्याआधी दरबारातला कारभारी होता, पैशाच्या बाबतीत काटेकोर म्हणून प्रसिद्ध. ४९८ मध्ये त्याने क्रिसार्गिरॉन रद्द केला. आजच्या तुर्कस्तानातल्या एडेसा या एका शहरालाच दर चार वर्षांनी १४० पौंड सोनं या करापायी भरावं लागत असे. बातमी आली तेव्हा तिथले लोक पांढरे कपडे घालून, दिवे आणि धूप घेऊन मिरवणुकीने निघाले, असं तिथल्या सिरियाक भाषेतल्या बखरीत लिहिलं आहे.

त्याच वर्षी त्याच्या अर्थखात्याने काशाची मोठी नाणी काढली. चाळीस नुम्मसचं एक, त्यावर मोठं 'एम' अक्षर, जे ग्रीक अंकलेखनात ४० दाखवतं. वीसचं एक, त्यावर 'के'. दहाचं एक, त्यावर 'आय'. किती नुम्मस, हे नाण्यावरच लिहिलेलं, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळेल एवढं ठळक. पहिली नाणी हलकी होती. ५१२ मध्ये त्यांचं वजन दुप्पट केलं. मार्सेलिनस या तत्कालीन बखरकाराने आपल्या त्रोटक नोंदीत या नाण्यांबद्दल लोकांना ती आवडली असं मुद्दाम लिहून ठेवलं आहे. चाळीस बारक्या तुकड्यांऐवजी एक नाणं द्यायचं आणि घ्यायचं. बाजारहाट करणाऱ्याला ती केवढी सुटका होती, हे सांगायला नको. नुम्मस मात्र बंद झाला नाही. मोठ्या नाण्याचा चाळिसावा भाग म्हणून तो पुढच्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या काळातही पाडला जात होता.